अभ्यास घेणं

मराठीत मूल अभ्यास करतं आणि आई अभ्यास घेते. या 'घेते'पाशी जरा थांबावं असं मला अलीकडे वाटू लागलंय. ज्ञान दिलं जातं, धडा दिला जातो, शिक्षा तर दिलीच जाते. अभ्यास मात्र घेतला जातो. म्हणजे मुलाच्या डोक्यात जे आहे ते बाहेर काढून आपल्या ओंजळीत घ्यायचं. हा शब्दप्रयोग ज्याने कुणी पहिल्यांदा केला त्याने कुठल्या प्रयोगशाळेत पाऊल ठेवलं नसणार. पण गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांत माणसाच्या स्मरणशक्तीवर जे प्रयोग झाले ते वाचत गेलं की वाटतं, त्याला काहीतरी आधीच कळलं होतं.

मला हे कळलं ते फार उशिरा, आणि तेही स्वयंपाकघरात. मुलगी नववीत. रात्रीचे साडेनऊ, ओट्यावर भांडी, टेबलावर गणित भाग १. दोन चलांतील रेषीय समीकरणं. "बाबा, हे वयाचं उदाहरण जरा सांग ना." मी उत्साहाने पेन घेतलं आणि चार ओळींत उदाहरण उडवलं. "कळलं?" "कळलं." दुसऱ्या दिवशी तसंच उदाहरण, तोच चेहरा. मी पुन्हा पेन घेणार तेवढ्यात लसूण सोलत बसलेली माझी आई म्हणाली, "तू कशाला सोडवतोस? तुझी दहावी झालीय की." मग नातीकडे वळून, "सांग गं मला, हा एक्स म्हणजे कोण?"

माझी आई सातवी शिकलेली. एक्स-वायशी तिचा कधी संबंध आला नाही. नात जरा वैतागून सांगायला लागली. "अगं आजी, एक्स म्हणजे वडिलांचं आजचं वय. वाय म्हणजे मुलाचं. पाच वर्षांपूर्वी वडील मुलाच्या सातपट होते. म्हणून एक्समधून पाच वजा केले, आणि ते बरोबर सात वाय…" आजी म्हणाली, "म्हणजे पाच वर्षांपूर्वी बाप लहान होता, पोरगं तेवढंच होतं?" टेबलाशी दोन सेकंद शांतता. मग खोडरबर. चूक सापडली होती, आणि ती मी दाखवली नव्हती.

त्या रात्रीपासून मी या विषयाच्या मागे लागलो.

सुरुवात करायची तर हेर्मान एबिंगहाउसपासून. या जर्मन गृहस्थाने १८८५ साली एक पुस्तक काढलं. प्रयोग करणारा तोच आणि ज्याच्यावर प्रयोग झाला तोही तोच. त्याने दोन व्यंजनांच्या मध्ये एक स्वर घालून सुमारे २३०० निरर्थक अक्षरजोड्या तयार केल्या. अर्थ असला की माणूस आधीच्या ओळखीवर तरून जातो, म्हणून अर्थच काढून टाकला. मग घड्याळाच्या टिकटिकीवर, मिनिटाला दीडशे या चालीने, त्यांच्या माळा पाठ करायच्या. काही काळ जाऊ द्यायचा. पुन्हा तीच माळ पाठ करायची आणि या खेपेला किती श्रम वाचले ते मोजायचं. हे त्याने वर्षानुवर्षं केलं. बसल्या जागी एकट्या माणसाने विसरण्याचा नकाशा काढला, असं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

नकाशा असा. वीस मिनिटांनी बचत ५८ टक्के. एका तासाने ४४. एका दिवसाने ३४. आणि एका महिन्याने? २१. पुन्हा वाचा हे आकडे. पहिल्या तासाभरात निम्म्याहून जास्त वाहून जातं, आणि नंतरच्या अख्ख्या महिन्यात त्या मानाने फारच थोडं. घसरगुंडी सुरुवातीलाच उभी आहे, पुढे सपाटी. शाळेत सकाळी समजलेलं संध्याकाळी आठवत नाही म्हणून पोरं रडवेली होतात. ती मठ्ठ नसतात, घसरगुंडीवर असतात.

दुसरी गोष्ट मला अधिक लोभस वाटते. तळाशी शून्य नाही. महिन्याने त्या माळेतलं एकही अक्षर आठवत नसतानाही ती पुन्हा पाठ करायला पहिल्यापेक्षा कमी कष्ट पडत होते. म्हणजे 'मला काहीच आठवत नाही' असं म्हणणाऱ्या मुलाच्या डोक्यात काहीतरी शिल्लक असतंच, फक्त त्याला ते दिसत नाही.

आणि तिसरी. बारा अक्षरजोड्यांची एक माळ त्याने एकाच दिवशी ६८ वेळा घोकली आणि दुसऱ्या दिवशी बचत मोजली. तेवढीच बचत तीन दिवसांत विभागून केलेल्या ३८ आवर्तनांनी झाली. तीस आवर्तनं फुकट वाचली, केवळ मध्ये रात्री येऊ दिल्या म्हणून.

इथे एक आडवळण घेतो. 'अभ्यास' या शब्दाचा संस्कृतातला अर्थ मुळात पुन्हा पुन्हा करणं असा आहे. पाणिनीच्या व्याकरणात तर धातूचं अक्षर दुहेरी होतं तेव्हा (दा चं 'ददा' होतं तसं) त्या जोडीतल्या पहिल्या अक्षराला 'अभ्यास' हीच संज्ञा आहे. आपण मराठीत या शब्दाला वही-पुस्तकाला जुंपलं, आणि त्यातली पुनरावृत्ती विसरून गेलो. 'गृहपाठ'चंही तसंच. पाठ म्हणजे म्हणून दाखवणं. शाळेने गृहपाठ दिला म्हणजे मात्र वहीची पानं भरायची.

आता पुनरावृत्ती कशाची, हा प्रश्न. बहुतेक मुलं धडा पुन्हा वाचतात. पिवळ्या, गुलाबी हायलायटरने ओळी रंगवतात, आणि पुन्हा वाचतात. आईबापांनाही हे दृश्य बरं वाटतं. मूल पुस्तकात डोकं घालून बसलंय. या दृश्याचं काय करायचं ते २००६ साली हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेत सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात दाखवून दिलं. विद्यार्थ्यांना छोटे उतारे दिले. एक सूर्याबद्दल, एक समुद्रातल्या पाणमांजरांबद्दल. एका गटाने पाच-पाच मिनिटांच्या चारही सत्रांत उतारा वाचला. दुसऱ्याने पहिल्या सत्रात वाचला आणि उरलेल्या तीन सत्रांत कोऱ्या कागदावर आठवेल तेवढं लिहिलं. पुस्तक बंद, समोर काही नाही. पहिल्या गटाची सरासरी १४.२ वाचनं झाली. दुसऱ्या गटाची ३.४.

पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर वाचणारे पुढे होते, ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्याने घेतली तर वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवत होतं, आठवणाऱ्यांना ६१.

चौदा वेळा वाचणारा हरला आणि साडेतीन वेळाही पुरतं न वाचलेला जिंकला. पण मला यातली सगळ्यात विलक्षण गोष्ट वेगळीच वाटते. आठवड्याने तुम्हाला किती आठवेल, असं विद्यार्थ्यांना आधी विचारलं होतं, तेव्हा जास्त खात्री होती ती फक्त वाचणाऱ्यांना. वाचताना सगळं ओळखीचं वाटतं, आणि ओळखीचं म्हणजे आलं असं मन आपल्याला खुशाल सांगतं. कोऱ्या कागदासमोर मात्र हाल होतात, लाज वाटते, आपल्याला काहीच येत नाही असं वाटतं. आणि नेमक्या त्या हालातच शिकणं चालू असतं! घटक चाचणीच्या आदल्या रात्रीचं वाचन म्हणूनच फसवं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते खरोखर उपयोगी पडतं, गुण मिळतात, मूल म्हणतं बघा माझी पद्धत बरोबर आहे. सहामाहीला बिंग फुटतं.

असं का होत असावं? मेंदूत एका धड्याची आठवण एका जागी ठेवलेली नसते. आकृतीचं दिसणं एकीकडे, शब्दाचा आवाज दुसरीकडे, बाईंनी तेव्हा केलेला विनोद आणखी कुठेतरी. या विखुरलेल्या तुकड्यांना बांधून ठेवण्याचं काम कानशिलांच्या आतल्या बाजूला असलेला हिप्पोकॅम्पस नावाचा भाग करतो. आकार समुद्रघोड्यासारखा म्हणून ग्रीकमध्ये हे नाव. आठवणं म्हणजे ठिपक्यांची रांगोळी काढणं. ठिपके असतात, रेघा प्रत्येक वेळी नव्याने ओढाव्या लागतात. रांगोळीचं पुस्तक चौदा वेळा चाळून हात बसत नाही. अंगणात वाकून, चुकून, पुसून तीन वेळा काढली की बसतो.

आता सांगा, दिवेलागणीला हातपाय धुऊन, देवापुढे मांडी घालून पोरांनी परवचा म्हणायची, ही पद्धत काय होती? बे एके बे पासून तिसापर्यंत पाढे, मग पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, आणि दम असेल तर साडेतिनाची औटकी. पुस्तक हातात नाही. रोज, म्हणजे दोन आवर्तनांच्या मध्ये एक रात्र. आणि समोर एक ऐकणारं माणूस, ते वाती वळतंय, तांदूळ निवडतंय, पण पाऊण सत्ते चुकलं की मान वर करतंय. एबिंगहाउसच्या रात्री आणि रोडिगरचा कोरा कागद, दोन्ही त्या देवापुढे हजर होते. 'उजळणी' हा शब्दही त्याच घरातला. तांब्याचं भांडं चिंचेने घासून उजळावं तसं आलेलं पुन्हा लख्ख करायचं.

परवचेचा गौरव मी जरा हात राखूनच करतोय. तिच्यात अर्थाला जागा कमी होती. निमकी घडाघडा म्हणणाऱ्या पोराला निम्मं म्हणजे काय हे कुणी विचारत नसे, आणि मुलींना तर पुष्कळ घरांत परवचेला बसवतही नसत. घोकंपट्टीची जी बदनामी झाली ती काही उगीच नाही. पण बदनामी करताना आपण आंघोळीच्या पाण्याबरोबर तांब्याही भिरकावला. न बघता आठवून सांगणं, हेच गेलं. पुस्तकाकडे पाठ फिरवल्याशिवाय पाठ होत नाही, हे मराठी भाषेला अजून आठवतंय, आपल्याला नाही.

अर्थाची जागा भरून काढणारा प्रयोग आठवीच्या मुलांवर झाला. मिशेलिन ची या संशोधिकेने १९९४ साली सहकाऱ्यांबरोबर तो प्रसिद्ध केला. आठवीच्या विद्यार्थ्यांना रक्ताभिसरणावरचा मजकूर दिला. काही जणांनी तो दोनदा वाचला. काही जणांनी एकदाच वाचला, पण प्रत्येक वाक्यानंतर थांबून, याचा अर्थ तुला काय लागला, हे मोठ्याने सांगायचं. विचारणारी व्यक्ती काहीही शिकवत नव्हती. नवी माहिती नाही, इशारा नाही. तरी सांगणारी मुलं वाचणाऱ्यांच्या पुढे गेली, आणि ज्यांनी जास्त सांगितलं ती आणखी पुढे.

रक्ताभिसरणाची निवड फार मार्मिक आहे. पुष्कळ मुलांच्या मनात रक्ताचा एकच फेरा असतो: हृदयातून शरीरात, शरीरातून परत हृदयात. फुप्फुसं कुठेतरी बाजूला हवा खात उभी. प्रत्यक्षात फेरे दोन आहेत. शरीरातून आलेलं रक्त हृदयाच्या उजव्या बाजूला येतं, तिथून फुप्फुसांत जाऊन ऑक्सिजन घेऊन पुन्हा हृदयातच परततं, डाव्या बाजूला, आणि मग शरीरभर. एकाच मुठीएवढ्या स्नायूत दोन पंप शेजारी शेजारी चालू आहेत, दिवसाला सुमारे एक लाख ठोके! आपल्याकडेही आठवीच्या विज्ञानात हे येतं, चार कप्प्यांच्या आकृतीसह. मुलं आकृती सुरेख काढतात, नावं देतात, गुण घेतात. फेरा मात्र एकच राहतो. तो दुसरा फेरा बाहेर यायचा तर कुणीतरी विचारावं लागतं, "बरं, मग रक्त कुठे गेलं?" आणि उत्तर आल्यावर पुन्हा, "मग?"

'मग?' विचारायला पदवी लागत नाही. किंबहुना पदवी आड येते. मला उत्तर येत असलं की ते माझ्या तोंडून निसटतं. आईला येत नव्हतं म्हणून तिने ते मुलीकडून काढलं. यावरून सुगत मित्र यांचा कालिकुप्पमचा प्रयोग आठवतो. दिल्लीत कालकाजीच्या भिंतीत संगणक बसवून झोपडपट्टीतल्या मुलांना मोकळा सोडणारे ते हेच. तमिळनाडूच्या या खेड्यात दहा ते चौदा वर्षांच्या मुलांसमोर त्यांनी डीएनएविषयीचा मजकूर संगणकावर ठेवला, तोही इंग्रजीत. दोनेक महिन्यांत मुलं आपापसांत झटापट करून चाचणीत तीस टक्क्यांच्या आसपास पोचली. मग मित्रांनी तिथल्याच एका तरुणीला विनंती केली. तिला या विषयातलं काही येत नव्हतं, आणि तसंच हवं होतं. तिने फक्त आजीसारखं मागे उभं राहायचं आणि म्हणायचं, अरे वा, हे काय आहे, पुन्हा दाखव बरं. मित्रांच्या म्हणण्याप्रमाणे गुण पन्नासपर्यंत गेले. मित्रांच्या दाव्यांवर शिक्षणातल्या जाणत्यांनी पुष्कळ आक्षेप घेतलेत, आणि शिक्षकाविना सगळं जमतं हा त्यांचा सूर मलाही पटत नाही. पण त्या मागे उभ्या राहिलेल्या मुलीवर माझा विश्वास बसतो. कारण तिला मी लसूण सोलताना पाहिलंय.

म्हणून ज्या घरात आईने शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, त्या घरातही अभ्यास घेता येतो. एकच पथ्य. मुलाने सांगून झालं की त्यानेच पुस्तक उघडून पडताळायचं. चुकीचं आठवून तसंच सोडून दिलं तर चूकही तितकीच पक्की बसते. पडताळणी पुस्तकाची, ऐकणं आईचं.

गणिताकडे वळू, कारण घराघरांतली रडारड तिथे होते. बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकात प्रत्येक घटकानंतर सरावसंच असतात आणि प्रकरण संपलं की संकीर्ण प्रश्नसंग्रह. मुलं सरावसंच झपाझप सोडवतात. संकीर्णला अडखळतात, आणि आपण म्हणतो, नीट लक्ष देत नाही. त्यामागे एक सुंदर कारण आहे. डग रोरर आणि केली टेलर यांनी २००७ साली महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना चार विचित्र घनाकृतींचं घनफळ काढायला शिकवलं. आपल्या महत्त्वमापनाच्या प्रकरणाचाच भाऊबंद. एका गटाने एका आकृतीची सगळी उदाहरणं संपवून मग दुसरी घेतली. दुसऱ्या गटाला सगळी उदाहरणं पिसून दिली, पत्त्यांसारखी. सरावात पहिल्या गटाची ८९ टक्के उत्तरं बरोबर, दुसऱ्याची ६०. आठवड्याने परीक्षा. पहिला गट २० टक्के. दुसरा ६३.

८९ वरून २०! सरळ सरावात मुलाला सूत्र वापरावं लागतं, पण कुठलं सूत्र वापरायचं हे ठरवावंच लागत नाही; ते मथळ्यात लिहिलेलं असतं. शंकूच्या सरावसंचात सगळे शंकूच. बोर्डाच्या प्रश्नपत्रिकेत मथळा नसतो. समोरचा प्रश्न शंकूचा आहे, गोलाचा की समरूप त्रिकोणांचा, हे ओळखण्यातच अर्धी लढाई, आणि तिचा सराव कधी झालेलाच नसतो. मग गणित न येणाऱ्या बापाने काय करावं? पुस्तक हातात घ्यावं, झालेल्या प्रकरणांतली कुठलीही तीन पानं उघडावीत, डोळे मिटून बोट ठेवावं. "हे, हे आणि हे." उत्तरसूची मागे असतेच. मी हे करतो. मुलगी मला 'लॉटरीवाला' म्हणते.

इथे एक धोक्याची सूचना. ज्यांना स्वतःला गणिताची धास्ती आहे त्यांनी पेन हातात घेऊ नये. २०१५ साली एरिन मलोनी आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या पहिली-दुसरीच्या मुलांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. गणिताला घाबरणारे पालक गृहपाठाला वारंवार मदत करत, तिथे मुलं वर्षभरात गणित कमी शिकली आणि घाबरायला जास्त शिकली. घाबरट पालक मदतीच्या फंदात फारसे पडले नाहीत तिथे असं झालं नाही. लहान मुलांवरचा अभ्यास आहे, थेट नववीला लावायचा नाही. पण 'आमच्या घराण्यातच गणित नाही' हे वाक्य मी इतक्या जेवणाच्या टेबलांवर ऐकलंय की निष्कर्षाचं मला नवल वाटलं नाही. भीती मेंदूतली जागा खाते. एका वेळी डोक्यात धरून ठेवता येतील अशा गोष्टी मुळात मोजक्या. जॉर्ज मिलरने १९५६ साली त्या सातच्या आसपास सांगितल्या, पुढच्यांनी चारवर आणल्या. त्या चार पाटांपैकी एकावर बाबांचा चढलेला आवाज येऊन बसला की समीकरणाला तीनच उरतात.

आणि मोठ्या मुलांचं? नॅन्सी हिल आणि डायना टायसन यांनी २००९ साली पन्नास अभ्यास एकत्र पडताळले, विषय हाच: साधारण सहावी ते आठवीच्या वयाच्या मुलांचे पालक आणि मुलांची प्रगती. पालकांचा सहभाग बहुतेक सर्व प्रकारांत उपयोगी दिसला. अपवाद एक, गृहपाठाला मदत. सर्वांत जास्त फळ कशाला? शिक्षणाचं मोल घरात बोललं जाण्याला, पुढे काय करायचं याच्या गप्पांना, शाळेतल्या गोष्टीचा बाहेरच्या जगाशी धागा जोडून देण्याला. गृहपाठाची मदत मागे का पडते याची कारणं गुंतागुंतीची आहेत. आधीच मागे पडलेल्या मुलालाच जास्त मदत मिळते, हेही त्यात आलं. पण तेराव्या-चौदाव्या वर्षी मूल स्वतःचं माणूस होऊ पाहतं आणि त्याच्या वहीत घुसलेला आपला हात त्याला परका वाटतो, हे समजायला आकडे नकोत. प्रकल्पवहीचं तर बोलूच नका. थर्माकोलचा ज्वालामुखी आईने रात्री एकला रंगवलेला असतो आणि श्रेणी मुलाला मिळते.

मग हात कधी लावावाच नाही का? लावावा की. इमारत बांधताना बांबू आणि सुतळीची परांची उभी करतात ना, तसा. डेव्हिड वुड, जेरोम ब्रूनर आणि गेल रॉस यांनी १९७६ साली शिकवण्याला हीच उपमा दिली. तीन ते पाच वर्षांची मुलं २१ लाकडी ठोकळ्यांचा पिरॅमिड रचत होती आणि शिकवणारी बाई मूल अडलं की थोडी पुढे, जमलं की मागे. मुलाला जे एकट्याने जमत नाही पण थोड्या आधाराने जमतं, त्या पट्ट्यातच शिकणं घडतं, हे लेव्ह व्हिगॉट्स्कीने आधी सांगून ठेवलं होतं. सदतिसाव्या वर्षी क्षयाने गेलेला हा रशियन माणूस. परांचीची गंमत अशी की ती इमारतीच्या आत कधी नसते, बाहेरून टेकलेली असते, आणि गिलावा सुकला की सोडवतात. घरातल्या परांचीची वाक्यं साधारण अशी: काय दिलंय? काय काढायचंय? अशासारखं आधी कुठलं सोडवलंस? इथपर्यंत कसं आलास? चौथ्या प्रश्नापर्यंत बहुधा जावंच लागत नाही.

एक काम मात्र आपणच करायचं असतं आणि त्याला विषयाचं ज्ञान अजिबात लागत नाही. दिवा मालवायचा. १९९४ साली मॅथ्यू विल्सन आणि ब्रूस मॅकनॉटन यांनी उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमधल्या पेशींवर कान ठेवला. उंदीर फिरत असताना ज्या पेशी जोडीने बोलत होत्या, त्याच नंतरच्या गाढ झोपेत पुन्हा जोडीने बोलू लागल्या. उंदीर झोपला होता आणि मेंदू त्याचा अभ्यास घेत होता! माणसातही झोपेने आठवणी पक्क्या होतात याचे भरपूर पुरावे आता आहेत. एबिंगहाउसच्या वाचलेल्या तीस आवर्तनांत या रात्रपाळीचाही वाटा असावा.

तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना रोज आठ ते दहा तास झोप हवी असते. त्यात या वयात शरीराचं घड्याळच पुढे सरकतं, झोप आणणारं मेलाटोनिन उशिरा स्रवू लागतं. मूल रात्री दहाला टक्क जागं असतं ते निव्वळ मोबाइलमुळे नव्हे. महाराष्ट्र शासनाने २०२४ साली चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं ठरवलं. छान केलं. पण ज्यांचं घड्याळ खरोखर उशिरा चालतं ती नववी-दहावीची मुलं त्या निर्णयाच्या बाहेर राहिली, आणि सकाळच्या अधिवेशनातली अजूनही सातच्या घंटेला डोळे चोळत उभी असतात. रात्री साडेअकराला 'अजून एक धडा वाच' म्हणणारा पालक त्यामुळे मेंदूच्या हातातलं काम काढून घेतो आणि पंधराव्या वाचनाला जुंपतो.

आमच्या घरी आता नऊ ते साडेनऊ आजीची वेळ आहे. तिला काल धाराविद्युत शिकवली गेली. विद्युतप्रवाह आणि इलेक्ट्रॉन उलट दिशांना का दाखवतात, हे तिने तीनदा विचारलं, आणि तिसऱ्यांदा उत्तर देताना मुलीने पुस्तक उघडून बघितलं. इलेक्ट्रॉनचा शोध लागण्याच्या कितीतरी आधी प्रवाहाची दिशा ठरवून टाकली होती, म्हणून. मलाही हे धडपणे माहीत नव्हतं.

तुमच्या घरी पुस्तक नसेल तर बालभारतीची सगळ्या इयत्तांची पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवून घेता येतात. अख्खं वाचायची गरज नाही. अनुक्रमणिकेचं पान उघडा, झालेल्यातलं एखादं नाव मोठ्याने वाचा, आणि पुस्तक मिटून म्हणा, "सांग."